संघटन सिद्धांत शिकताना: एक मंडळ, दोन तक्ते आणि वरणाचा डाव

नोकरीला बारा वर्षं झाल्यावर मी लोकप्रशासनात एम.ए.चा फॉर्म भरला. प्रायव्हेट. दिवसा हिशेबाचं काम, रात्री अभ्यास. संघटन सिद्धांताच्या पेपराला जाताना फेयॉलची १४ तत्त्वं पाठ होती, टेलर, वेबर, मेयो या विचारवंतांची सनावळीही. प्रश्न आला: तुमच्या परिचयाच्या संस्थेत आदेशाची एकता (म्हणजे एका माणसाला हुकूम देणारा वरिष्ठ एकच) कितपत पाळली जाते, उदाहरणासह लिहा. मी १४ तत्त्वंच लिहून आले. गुणांची चर्चा नको.

दुसऱ्या खेपेला पुस्तकं बाजूला ठेवली आणि आधी आमच्या कॉलनीचं गणेशोत्सव मंडळ नीट पाहिलं. अध्यक्ष कोण, निर्णय खरा कोण घेतं, महाप्रसादाच्या पातेल्यांची चावी कुणाकडे. मग एकेक विचारवंत त्या मंडळात आणून बसवला. तोच विषय, तीच पुस्तकं, पण पहिल्यांदाच डोक्यात शिरलं. इंदुरात माझ्यासारखे बरेच जण या विषयाशी झुंजत असतात: एम.ए.वाले, एमबीएच्या पहिल्या सेमिस्टरमधले, यूपीएससीला लोकप्रशासन हा ऐच्छिक विषय घेतलेले, आणि काही बिचारे नुसतेच कुठल्यातरी संस्थेचे सचिव होऊन बसलेले. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

१. आधी शब्दांचा घोळ मिटवा

आपल्याकडची अडचण ही की पुस्तकं बहुतेक हिंदीत नाहीतर इंग्रजीत, आणि विचार घरातल्या मराठीत. त्यातून गंमती होतात. मराठीत ‘संघटना’ म्हटलं की कामगार संघटना, कर्मचारी संघटना असं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. मोर्चा, घोषणा, निवेदन. या विषयात मात्र शाळा, बँक, महापालिका, भजनी मंडळ ही सगळीच ‘संघटनं’. आपण बोलताना त्यांना ‘संस्था’ म्हणतो, तेच डोक्यात ठेवा.

वहीच्या मागच्या पानावर तीन रकाने आखा: हिंदी पुस्तकातला शब्द, मराठी शब्द, आणि घरात आपण काय म्हणू. हिंदीतलं ‘पदसोपान’ म्हणजे मराठीत अधिकारश्रेणी, म्हणजे कुणाच्या वर कोण. ‘प्रत्यायोजन’ म्हणजे अधिकारप्रदान, म्हणजे ‘हे तू बघ, मला विचारू नकोस’. ‘नियंत्रण का क्षेत्र’ म्हणजे नियंत्रणकक्षा, म्हणजे एका माणसाला किती जण सांभाळता येतात. तिसरा रकाना सर्वांत महत्त्वाचा. तो भरता येत नसेल तर शब्द अजून कळलेला नाही.

२. एक संस्था धरा, एकच

खालच्या अटींत बसेल अशी संस्था निवडा:

- माणसं साधारण १५ ते ६०. त्याहून लहान असेल तर रचना दिसत नाही, मोठी असेल तर तुम्ही हरवता.
- तुम्हाला आत जाता येतं, पण तुमचं पोट तिच्यावर नाही.
- वर्षातून निदान एकदा ती एखादं मोठं काम उरकते: उत्सव, स्नेहसंमेलन, वार्षिक सभा, शिबिर.
- तिची थोडीतरी कागदपत्रं आहेत.

गणेशोत्सव मंडळ, पतसंस्था, वाचनालय, शाळेची पालक समिती, भिशीपेक्षा जरा मोठा महिला मंडळाचा कारभार, काहीही चालेल.

स्वतःचं ऑफिस घेऊ नका. मी सुरुवातीला तेच घेतलं होतं. चार दिवसांत माझ्या वहीत संघटन सिद्धांत कमी आणि साहेबांबद्दलच्या तक्रारी जास्त झाल्या. घरचं दुकानही नको, तिथे वडील, मालक आणि रोखपाल एकच असतात.

३. कागद गोळा करा

लागणारी कागदपत्रं आणि साहित्य:

- संस्थेची नियमावली. मध्य प्रदेशात बहुतेक मंडळं आणि सभा १९७३ च्या सोसायटी रजिस्ट्रीकरण कायद्याखाली नोंदवलेली असतात, पतसंस्था असेल तर १९६० चा सहकारी संस्था कायदा. नियमावलीची प्रत सचिवांकडे किंवा बहुधा माजी सचिवांच्या माळ्यावर मिळते.
- कार्यवाही रजिस्टर, म्हणजे बैठकांची इतिवृत्तं. मागची दोन-तीन वर्षं पुरे.
- वार्षिक हिशेब आणि पावतीपुस्तकाचा नमुना.
- पदाधिकाऱ्यांची यादी.
- तुमच्याकडून: दोनशे पानी वही, पेन्सिल, खोडरबर आणि मोठे कोरे कागद. तक्ता मोबाइलवर काढू नका, पुन्हापुन्हा खोडायचा आहे.

सरकारी कार्यालय निवडलंत तर काम उलट सोपं. माहिती अधिकार कायदा २००५, कलम ४(१)(ख) प्रमाणे प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाला १७ प्रकारची माहिती कुणी न मागता जाहीर करावी लागते. त्यात संस्थेची रचना, अधिकाऱ्यांचे अधिकार आणि कर्तव्यं, आणि निर्णय कोणत्या वाटेने होतो, हे येतं. अर्ज करण्याआधी ते शोधा. माझ्या ओळखीतल्या एका मुलाने हीच माहिती मागायला अर्ज केला, ३० दिवस वाट पाहिली, आणि उत्तरात संकेतस्थळाचा पत्ता आला.

आणखी एक. कागद मागताना ‘अभ्यासाला हवेत’ असं स्पष्ट सांगा, परवानगी घ्या, आणि वहीत कुणाचं नाव लिहू नका. ‘क’, ‘ख’, ‘ग’ लिहा. कारण पुढच्या पायरीत जे दिसतं ते सगळ्यांना आवडेल असं नसतं.

४. दोन तक्ते काढा

लेखातलं हे सगळ्यात महत्त्वाचं काम. घाई करू नका, दोन आठवडे द्या.

पहिला तक्ता नियमावलीवरून. आमच्या मंडळाचा असा निघाला: वर सर्वसाधारण सभा, खाली अध्यक्ष, मग उपाध्यक्ष, सचिव, सहसचिव, कोषाध्यक्ष, आणि अकरा सदस्य. सुबक, उतरता, भिंतीवर लावावा असा.

दुसरा तक्ता विचारपूस करून. ‘निर्णय कोण घेतं?’ असं कधी विचारू नका. प्रत्येक जण ‘सगळे मिळून’ म्हणतो. त्याऐवजी मागच्या वर्षी घडलेली एकेक गोष्ट धरा:

- मांडववाल्याला फोन कुणी केला? तो कुणाचा फोन उचलतो?
- ऐन वेळी पैसे कमी पडले तेव्हा खिशातून कुणी घातले?
- पाऊस आला तेव्हा सगळ्यांनी कुणाकडे पाहिलं?
- भांडण झालं तेव्हा मिटवायला कुणाला बोलावलं?
- कोणाच्या गैरहजेरीत बैठक पुढे ढकलली गेली?

आमच्या दुसऱ्या तक्त्यात मध्यभागी आले ते एक निवृत्त काका. कुठल्याही पदावर नाहीत. मांडववाला, मूर्तिकार, वीजवाला, तिघेही त्यांनाच ओळखतात. दुसऱ्या टोकाला एक मावशी, ज्यांच्या घरी मोठी पातेली, झारे, डाव आणि घंगाळं ठेवलेली. कोठीची चावी त्यांच्या कमरेला. कार्यकारिणीच्या यादीत त्यांचं नाव कधीच नव्हतं, पण महाप्रसादाचा बेत त्यांच्या ओट्यावर ठरतो आणि दोन दिवसांनी बैठकीत ‘सर्वानुमते’ मंजूर होतो.

दोन्ही तक्ते शेजारी ठेवा. जिथे जुळत नाहीत तिथे लाल पेन्सिलीने गोल करा. हे गोल म्हणजेच तुमचा अभ्यासक्रम. इथे नवखे लोक हमखास एक चूक करतात: पहिला तक्ता खोटा आणि दुसरा खरा, असं ठरवून टाकतात. तसं नाही. बँकेत मंडळाचं खातं काढायला काकांना कुणी विचारत नाही, तिथे अध्यक्ष आणि कोषाध्यक्षांच्या सह्याच लागतात. दोन्ही तक्ते खरे आहेत, वेगवेगळ्या दारांना.

५. आता विचारवंतांना बोलवा, पण या क्रमाने

*टेलर, आणि डाव.* फ्रेडरिक टेलर (१८५६–१९१५) अमेरिकेतल्या पोलाद कारखान्यांत वाढलेला अभियंता. त्याचं म्हणणं, प्रत्येक कामाची एक उत्तम पद्धत असते आणि ती मोजून सापडते. बेथलेहेम पोलाद कारखान्यात त्याने फावड्याने माल उचलणारे कामगार पाहिले. एकच फावडं हलक्या कोळशाला आणि जड खनिजालाही. मोजणी करून त्याने ठरवलं की एका खेपेला सुमारे २१ पौंड, म्हणजे साडेनऊ किलोच्या आसपास, वजन उचललं तर दिवसाचं काम सर्वाधिक होतं. म्हणून हलक्या मालाला मोठं फावडं, जड मालाला लहान.

हे वाचताना मला आमची पंगत आठवली. वरणाला आणि मठ्ठ्याला आम्ही एकच डाव वापरायचो. वरण पानात सांडायचं, मठ्ठा वाटीत अर्धाच पडायचा, वाढपी तीनदा वाकायचा. पुढच्या वर्षी मावशींनी दोन मापांचे डाव काढले. टेलरचं नाव त्यांनी ऐकलेलं नाही. पण टेलरची दुसरी बाजूही लिहायला विसरू नका. विचार करणारे वेगळे आणि हात चालवणारे वेगळे, ही फाळणी त्याच्याच पद्धतीत पक्की झाली.

*फेयॉल.* आंरी फेयॉल (१८४१–१९२५) फ्रान्समधला खाण अभियंता, ३० वर्षं एका खाण कंपनीचा प्रमुख. त्याचं लेखन १९१६ चं. तो वरून खाली पाहतो, टेलर खालून वर. १४ तत्त्वं पाठ करण्याऐवजी तुमच्या लाल गोलांशी कोणती चार-पाच भिडतात ती शोधा. आमच्याकडे आदेशाच्या एकतेचा रोज चुराडा होतो: ढोलपथकातल्या पोरांना अध्यक्ष म्हणतात मिरवणूक आठला काढा, काका म्हणतात सातला, आणि पोरं नऊला निघतात. फेयॉलने अधिकाराच्या शिडीला आडवी फळी टाकायची मुभाही दिली आहे, म्हणजे दोन विभागांतल्या बरोबरीच्या माणसांनी, वरिष्ठांच्या संमतीने, थेट बोलावं. बहुतेक विद्यार्थी ही फळी विसरतात आणि फेयॉलला उगाच कडक मास्तर ठरवतात.

*वेबर.* माक्स वेबर (१८६४–१९२०) यांनी लोक हुकूम का मानतात याची तीन कारणं मांडली: परंपरा, व्यक्तीचा प्रभाव, आणि नियम. आमच्या मंडळात तिन्ही एकाच मांडवात बसतात. काका परंपरेने, ढोलपथकाचा म्होरक्या प्रभावाने, अध्यक्ष नियमाने. नोकरशाही हा शब्द आपल्याकडे शिवीसारखा वापरतात. वेबरसाठी तो लिखित नियम, ठरलेली पदं, पात्रतेवर नेमणूक आणि नोंदी ठेवणं यांचं वर्णन होतं, आणि तिच्या पिंजऱ्याची भीतीही त्यालाच वाटत होती. उत्तरात दोन्ही लिहा.

*हॉथॉर्न.* शिकागोजवळ वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ प्रयोग चालले: कामाची परिस्थिती बदलली की उत्पादनाचं काय होतं. मेयोचं नाव यांच्याशीच जोडलेलं. ‘दिवे मंद केले तरी उत्पादन वाढलं’ एवढ्यावर थांबणं हा नेहमीचा सापळा. त्या निष्कर्षांवर नंतर बरेच वाद झाले आहेत. मला जास्त मोलाचा वाटतो तो तारा जोडणाऱ्या १४ कामगारांचा गट. त्यांनी दिवसाला किती काम करायचं ते आपसात ठरवलेलं होतं. जास्त करणाऱ्याला चिडवायचे, कमी करणाऱ्यालाही. वर्गणी गोळा करायला निघालेल्या पोरांमध्ये हेच पाहा. एकाने एका संध्याकाळी तीन गल्ल्या उरकल्या तर बाकीचे त्याला ‘फार हुशार झालास’ म्हणतात.

*बर्नार्ड आणि ‘बघू’.* चेस्टर बर्नार्ड हा टेलिफोन कंपनीचा अध्यक्ष, त्याची मांडणी १९३८ ची. तो म्हणतो, अधिकार हुकूम देणाऱ्यात नसतो, मानणाऱ्यात असतो. माणूस हुकूम तेव्हाच मानतो जेव्हा तो समजतो, संस्थेच्या हेतूशी विसंगत वाटत नाही, स्वतःच्या हिताआड येत नाही, आणि पाळणं अंगात असतं. एका वर्षी आमच्या अध्यक्षांनी जाहीर केलं, यंदा महाप्रसाद केटररकडून. बायकांपैकी कुणी विरोध केला नाही. एक जण म्हणाली, ‘बघू.’ ज्याला मराठी येतं त्याला कळलं की ठराव तिथेच संपला. पंधरा दिवसांनी सगळ्या तांदूळ निवडत बसल्या होत्या. बर्नार्ड समजायला एवढं पुरे.

*सायमन आणि ‘चालेल’.* हर्बर्ट सायमन (१९१६–२००१), १९७८ चे अर्थशास्त्राचे नोबेल मानकरी. माणूस सगळे पर्याय तपासून सर्वोत्तम निवडत नाही, वेळ आणि माहिती अपुरी असते, म्हणून पुरेसा बरा पर्याय दिसला की थांबतो. इंग्रजीत त्यासाठी त्याला नवा शब्द चालवावा लागला. आपल्याकडे आहेच: ‘चालेल’. मांडवाचे दोन दर मागवले, तिसरा माणूस म्हणाला ‘तेवढ्यातच करतो, वर पंखे देतो’, काका म्हणाले चालेल, विषय संपला. चौथ्याला कुणी विचारलंच नाही.

याच सायमनने १९४६ मध्ये जुन्या प्रशासन-तत्त्वांना म्हणींची उपमा दिली. म्हणी जोडीने येतात आणि एकमेकींच्या विरुद्ध जातात. ‘शुभस्य शीघ्रम्’ही खरं आणि ‘अति घाई संकटात नेई’ही. तसंच एकाच्या हाताखाली माणसं थोडी ठेवा म्हणता, मग पायऱ्या वाढतात. पायऱ्या कमी ठेवा म्हणता, मग माणसं वाढतात. हे कळलं की तत्त्वं पाठ करण्याचा हट्ट आपोआप सुटतो.

*परिस्थितीवादी.* इथे नावं बरीच आहेत. वुडवर्डबाईंनी इंग्लंडच्या दक्षिण एसेक्समधले सुमारे १०० कारखाने पाहिले, बर्न्स आणि स्टॉकर यांनी १९६१ मध्ये यंत्रवत आणि सजीव अशा दोन रचना सांगितल्या, लॉरेन्स आणि लॉर्श १९६७ चे. सगळ्यांचा सूर एक: सर्वांना लागू पडेल अशी एकच रचना नाही. काम कसलं, बाहेर किती अस्थिरता, त्यावर ठरतं.

यातला जेम्स थॉम्प्सन (१९६७) मात्र नीट वाचा, कारण तो मंडळात लगेच सापडतो. कामं एकमेकांवर तीन तऱ्हांनी अवलंबून असतात, असं तो म्हणतो. वर्गणी: प्रत्येक जण आपापली गल्ली करतो, शेवटी पैसे एका डब्यात. पंगत: मीठ-लिंबू-चटणीवाला पुढे गेल्याशिवाय भाजीवाल्याने निघायचं नाही, एक अडला की मागची रांग अडते. नाटक: दिग्दर्शक, नट, प्रकाशयोजना, पेटीवाला, प्रत्येकाचं काम दुसऱ्याकडे जातं आणि परत येतं. पहिल्याला नियम पुरतो, दुसऱ्याला वेळापत्रक लागतं, तिसऱ्याला सतत बोलावं लागतं. आमची भांडणं कुठे होत, सांगा. नाटकाची तालीम वर्गणीसारखी चालवायला जात तिथे.

६. गिरणी गेली, झांकी राहिली

इंदुरात राहून हा विषय शिकताय तर अनंत चतुर्दशीची रात्र सोडू नका. हुकुमचंद, मालवा, कल्याण, राजकुमार, स्वदेशी या कापड गिरण्यांच्या कामगारांनी झांक्या, म्हणजे सजवलेले चित्ररथ, काढायची चाल पाडली. गिरण्या बंद पडल्या. हुकुमचंद मिलला १९९१ मध्ये कुलूप लागलं आणि कामगारांना थकबाकी मिळायला २०२३ उजाडलं. तरी त्या गिरण्यांच्या नावाने झांक्या निघतात, पुढे आखाडे चालतात, रस्त्याच्या दुतर्फा रात्रभर माणसं.

कागदावरच्या तक्त्यातून मालक गेला, मॅनेजर गेला, पगार गेला, आणि उत्सवाची समिती उरली. फिलिप सेल्झनिक म्हणतो की कामाच्या सोयीसाठी उभारलेली यंत्रणा हळूहळू मूल्याने भारते आणि मग ती नुसतं साधन राहत नाही. पुस्तकात हे वाक्य कोरडं वाटतं. राजवाड्याजवळ रात्री दोन वाजता उभं राहून वाचलं की वाटत नाही.

गिरणीचाच विषय निघाला म्हणून: लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस १९५३ मध्ये अहमदाबादच्या कॅलिको गिरणीत आले होते. नवे स्वयंचलित माग आले तरी उत्पादन वाढत नव्हतं. प्रत्येक कामगाराला एक तुकडा काम नेमून दिलेलं, पूर्ण मागाची जबाबदारी कुणाचीच नाही. लहान गट करून प्रत्येक गटाकडे ठरावीक माग सोपवले, तेव्हा उत्पादन वाढलं आणि खराब कापड कमी झालं. यंत्र आणि माणसांचं नातं एकत्र रचायला हवं, या मांडणीचं हे आपल्या शेजारचं उदाहरण. परीक्षेत टॅव्हिस्टॉकच्याच ब्रिटिश कोळसाखाणींच्या अभ्यासाबरोबर हेही लिहा, फार कमी जण लिहितात.

७. मोठ्या संस्थेवर हात टाका: कचरागाडी

लहान संस्था पचली की महापालिकेची कचऱ्याची व्यवस्था घ्या. स्वच्छ सर्वेक्षणात इंदूर २०१६ ला २५ वं होतं आणि २०१७ ला पहिलं. एका वर्षात माणसांचे स्वभाव बदलत नाहीत, मग काय बदललं? इथे विद्यार्थी ‘उत्तम नेतृत्व आणि जनजागृती’ लिहून मोकळे होतात. ते चूक नाही, पण अर्धवट आहे. रचना पाहा.

चौकातल्या कचरापेट्या काढून टाकल्या आणि गाडी दारात आणली. पेटी असताना कचरा कुणाचा हे सांगता येत नव्हतं. दारात गाडी आली की प्रत्येक घराचा कचरा त्या घराचा, प्रत्येक गल्ली त्या गाडीची, प्रत्येक गाडीची वाट ठरलेली आणि नियंत्रण कक्षात दिसणारी. ओला, सुका वेगळा करायचं काम घरातल्या माणसावर आलं. आपल्या आईला विचारा, ती महापालिकेची बिनपगारी कर्मचारी झाली आहे. गाडीतून ट्रान्स्फर स्टेशन, तिथून देवगुराडियाचं कचरा प्रक्रिया केंद्र, आणि ओल्या कचऱ्यासाठी २०२२ मध्ये सुरू झालेला रोज ५५० टन क्षमतेचा गॅस प्रकल्प. थॉम्प्सनची पंगतच ही. घरात कोरडं-ओलं मिसळलं की शेवटचा प्रकल्प अडतो.

मग देशभरातून पथकं बघायला येऊ लागली. डिमॅजिओ आणि पॉवेल यांनी १९८३ मध्ये सांगितलं होतं की संस्था तीन कारणांनी एकमेकींसारख्या होत जातात: वरून सक्ती, गोंधळात अनुकरण, आणि व्यावसायिकांचं एकसारखं शिक्षण. पाहुणे गाडीचा रंग आणि गाणं नेतात, ते अनुकरण. दारापासून प्रकल्पापर्यंतची साखळी नेणं जड जातं.

८. बदल सुचवायचा असेल तर

इथे मी आपटले, म्हणून सविस्तर सांगते. अभ्यास झाल्याच्या उत्साहात मी मंडळाला पाच समित्या सुचवल्या: मांडव, वर्गणी, भोजन, कार्यक्रम, मिरवणूक. प्रत्येकीची कर्तव्यं टाइप करून भिंतीवर लावली. सगळे खूश. महाप्रसादाच्या दिवशी दुसऱ्या पंगतीला मीठ संपलं. भोजन समिती म्हणाली, सामान आणायचे पैसे वर्गणी समितीकडे. वर्गणी समिती म्हणाली, यादीच आली नाही. मांडव समितीतला एक जण मोटारसायकलवर रिकामाच बसला होता, पण ते त्याचं काम नव्हतं. आधीच्या वर्षांत असं झालं की जो दिसेल तो दुकानात पळायचा.

लॉरेन्स आणि लॉर्श नेमकं हेच सांगून गेले होते: जितकी वाटणी कराल तितकी जोडणी लागते. मी वाटणी केली, जोडणी विसरले. पुढच्या वर्षी समित्या पाचाच्या तीन केल्या आणि एक मुलगा फक्त मधला निरोप्या ठेवला. हातात फोन, खिशात थोडी रोकड, कुणाच्याही समितीत नाही. बस.

तुम्ही बदल सुचवाल तेव्हा:

- एका वेळी एकच बदल, तोही एका कार्यक्रमापुरता.
- दुसऱ्या तक्त्यातल्या मधल्या माणसाशी आधी बोला. आमच्याकडे मी मावशींशी बोलले नव्हते, आणि मिठाचा डबा त्यांच्या कोठीत भरलेला होता.
- जुनी पद्धत वेडगळ दिसली तरी ती कोणती अडचण सोडवत होती ते शोधल्याशिवाय मोडू नका.
- नियम हेतूवर बसू देऊ नका. रॉबर्ट मर्टनने १९४० मध्ये हा धोका सांगितला. आमच्याकडे पावतीपुस्तक संपलं म्हणून एका देणगीदाराला उद्या या म्हटलं गेलं. ते उद्या आले नाहीत.

९. उत्तर किंवा प्रकल्प लिहिताना

दहा गुणांच्या उत्तरात एक सिद्धांत, एक उदाहरण आणि त्या सिद्धांताची एक मर्यादा पुरते. सहा नावांची दिंडी काढू नका. यूपीएससीच्या पहिल्या पेपरात प्रशासकीय विचार आणि संघटन हे दोन्ही घटक आहेत, दोन्हींसाठी एकच वही चालते. सनावळी थोडी पण अचूक हवी. प्रकल्पात दोन्ही तक्ते जोडा, नावांऐवजी अक्षरं घाला, आणि काय समजलं नाही तेही एका परिच्छेदात लिहा. माझ्या परीक्षकांनी तोंडी परीक्षेत त्याच परिच्छेदावर वीस मिनिटं विचारलं.

वेळ किती लागतो? नोकरी सांभाळून मला साधारण दहा आठवडे लागले: दोन कागदांना, दोन तक्त्यांना, पाच विचारवंतांना, एक लिहायला. पावसाळ्यात सुरू केलंत तर पाचव्या पायरीला गणपती येतात, सगळं चालू असताना पाहायला मिळतं.

१०. कागद परत करा

कार्यवाही रजिस्टर ज्यांच्याकडून आणलंत त्यांच्याच हातात द्या, दुसऱ्या कुणाच्या हाती पाठवू नका. तक्त्याची प्रत मागितली तर पहिला तक्ता द्या. दुसरा घरी ठेवा. मी तो फक्त मावशींना दाखवला. त्यांनी चष्मा लावून स्वतःचं अक्षर शोधलं, मध्यभागी पाहिलं, आणि म्हणाल्या, ‘हे अध्यक्षांना दाखवू नकोस हो. पुढच्या वर्षी पातेली त्यांच्याच गाडीतून आणायची आहेत.’